चिंचोके, चौकटीची वही आणि अख्खे नागपूर

सकाळी सव्वादहाच्या सुमारास वर्धा रोडने बर्डीकडे, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारपेठेकडे, निघालात की मधेच कुठेतरी सगळे थबकते. पुढे कुणाची टक्कर झाली असेल, नाहीतर बस बंद पडली असेल, असे वाटते. पाय टेकवत, सरकत सरकत पुढे जावे, तर तिथे काहीच नसते. ना सांडलेल्या काचा, ना पोलीस, ना खोदकाम. एकदम रस्ता मोकळा होतो आणि सगळे जणू काही झालेच नाही अशा थाटात पळू लागतात. काहून थांबलो होतो बा, हे कुणालाच सांगता येत नाही.

मला हे कोडे सुटले ते भाचीच्या गणिताच्या वहीवर, चिंचोके मांडून. वहीतली चौकटींची एक आडवी ओळ म्हणजे एका लेनचा रस्ता. एक चौकट साडेसात मीटरची. जाममध्ये उभी असलेली कार आणि तिच्या पुढची फट मिळून साधारण एवढी जागा अडते. म्हणजे एक किलोमीटर रस्त्याच्या १३३ चौकटी झाल्या. चिंचोका म्हणजे गाडी. एका चौकटीत एकच चिंचोका, एका सेकंदाला एक चाल. वेगसुद्धा चौकटींतच मोजायचा. सेकंदाला दोन चौकटी म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, शहरात तेवढा पुष्कळ झाला.

चालीचे नियम चार. आधी वेग एकने वाढवायचा, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. मग समोर किती चौकटी रिकाम्या आहेत ते बघायचे. वेग त्याहून जास्त होत असेल तर तेवढ्यावर आणायचा, म्हणजे टक्कर होत नाही. तिसरा नियम गमतीचा आहे: मधूनच, काही कारण नसताना, वेग एकने कमी करायचा. फोन वाजला, ओढणी सावरली, कडेच्या ठेल्यावरच्या तर्रीचा वास आला, काहीही समजा. शेवटी जेवढा वेग तेवढ्या चौकटी पुढे सरकायचे. काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये हे नियम मांडले. त्यांचा हिशेब महामार्गाचा होता, म्हणून कमाल वेग पाच चौकटी, म्हणजे ताशी १३५ किलोमीटर.

आता तीन चिंचोके १, ४ आणि ७ नंबरच्या चौकटीत ठेवा. तिघांचाही वेग दोन, मध्ये दोन-दोन चौकटी मोकळ्या. एक सेकंद झाला: ३, ६, ९. सगळे सुरळीत. आता सर्वांत पुढचा क्षणभर कचरतो आणि दोनऐवजी एकच चौकट सरकून १० वर जातो. मागच्या दोघांना पत्ताच नाही, ते ८ आणि ५ वर येतात. पुढच्या सेकंदाला पहिला पुन्हा पूर्ण वेगात, १२ वर. पण मधल्यासमोर आता एकच चौकट उरली आहे, म्हणून त्याला ९ वरच थांबावे लागते. तिसरा खुशाल ७ वर. त्याच्या पुढच्या सेकंदाला पहिला १४ वर, मधला ११ वर, आणि अडायची पाळी तिसऱ्याची: तो ८ वर. झाले, ८, ११, १४. पुन्हा दोन-दोन चौकटींचे अंतर.

कोण कुठे अडखळला ते बघा. पहिला ९ नंबरवर, मधला ८ वर, तिसरा ७ वर. गाड्या पुढे चालल्या आहेत आणि अडखळ मात्र मागे मागे निघाली आहे. मागे तीनशे गाड्या दाटीने येत असतील आणि वाटेत आणखी चार-दोघे कचरले, तर ही एका सेकंदाची अडखळ फुगत जाऊन शेवटी लोकांना चक्क पाय टेकवायला लावते. तुम्ही वर्धा रोडवर थांबता तेव्हा ज्याने मुळात ब्रेक दाबला तो ऑफिसात पोचून चहा पीत असतो.

हा नुसता वहीतला खेळ नाही. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी सोडल्या आणि चालकांना एकसारख्या वेगाने फिरत राहायला सांगितले. सिग्नल नाही, चौक नाही, कुणी आडवे येत नाही. तरीही थोड्याच वेळात एका ठिकाणी गाड्या गोळा झाल्या, आणि तो गठ्ठा ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने फिरू लागला. हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९५५ मध्ये, लाइटहिल आणि व्हिटॅम या दोघांनी वाहतुकीला नदीच्या पुरासारखे मानून अशा मागे सरकणाऱ्या लाटांचे गणित मांडले होते. त्यांच्या गणितात एकेकटी गाडी दिसत नाही, नुसता प्रवाह दिसतो. दोन्ही पद्धती आजही वापरात आहेत. मला चिंचोके बरे वाटतात, कारण त्यात कोण अडकले ते बोट ठेवून दाखवता येते.

जाम मागे सरकतो हे एकदा पटले की एक चौक घेऊन त्याचाच अभ्यास करण्यात अर्थ का नाही, हेही पटते. व्हेरायटी चौकातली रांग मागे वाढत वाढत आधीच्या चौकात शिरली, की ज्यांना बर्डीला जायचेच नव्हते तेही तिच्यात सापडतात. धंतोलीतल्या दवाखान्यात निघालेला माणूस वळणाच्या शंभर मीटर अलीकडे अडकून बसतो. त्याच्यामुळे आडव्या रस्त्याची हिरवी वेळ वाया जाते, मग तिकडची रांग वाढते आणि ती तिच्या मागच्या चौकाला धरते. म्हणून सिग्नलची वेळ दहा सेकंदांनी वाढवायची की नाही, या साध्या प्रश्नासाठीसुद्धा आजूबाजूचे अर्धे शहर कॉम्प्युटरमध्ये घ्यावे लागते.

त्यात आणखी एक भानगड आहे. चिंचोक्यांना पुढे जायचे एवढेच ठाऊक होते. माणसांना वाट निवडता येते. वर्धा रोड तुंबला की कुणी मागच्या गल्ल्यांतून काढतो, कुणी पलीकडच्या रस्त्याला लागतो. सगळेच तसे वळले तर तो रस्ता तुंबतो आणि वर्धा रोड ओस पडतो. दुसऱ्या दिवशी सगळे परत वर्धा रोडवर. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर शहराची वाहतूक खोटीखोटी चालवून बघताना, ही झोकांडी टाळायला एक युक्ती करतात. तोच दिवस पुन्हा पुन्हा चालवतात आणि प्रत्येक फेरीनंतर थोड्याच लोकांना, समजा दहातल्या एकाला, कालचा अनुभव बघून वाट बदलू देतात. अशा शेकडो फेऱ्या झाल्या की हळूहळू अशी स्थिती येते की कुणीही एकट्याने वाट बदलली तरी त्याचा वेळ वाचत नाही. जॉन वॉर्ड्रॉप या इंग्रज अभ्यासकाने १९५२ मध्ये हीच कल्पना तत्त्व म्हणून मांडली होती.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. एक हजार गाड्या घरून ऑफिसला निघाल्या आहेत असे धरा. वाटा दोन. प्रत्येक वाटेत एक अरुंद गल्ली आणि एक रुंद रस्ता. एकीत गल्ली आधी लागते, दुसरीत नंतर. रुंद रस्त्याला कितीही गाड्या असोत, २५ मिनिटे. गल्लीला मात्र गाड्यांच्या संख्येला ५० ने भागून येतील तेवढी मिनिटे. लोक निम्मे-निम्मे वाटले गेले की गल्लीत १० मिनिटे आणि रस्त्यावर २५, एकूण ३५. आता कुणीतरी उदार होऊन दोन्ही गल्ल्या जोडणारा झकास छोटा पूल बांधून दिला, ज्यावर वेळच लागत नाही. प्रत्येक जण विचार करतो, गल्लीत हजारच्या हजार आले तरी २० मिनिटे, ती २५ पेक्षा कमीच. मग सगळेच गल्ली, पूल, गल्ली असे जातात: २० अधिक २०, म्हणजे ४० मिनिटे. पूल बांधून प्रत्येकाची पाच मिनिटे गेली. आकडे मी बनवलेले आहेत, पण विरोधाभास खरा आहे. डीट्रिश ब्राएस या जर्मन गणितज्ञाने तो १९६८ मध्ये दाखवला. प्रत्येक उड्डाणपूल असाच फसतो असे कुणी समजू नये. पण पूल बांधण्याआधी जाळ्यात घालून बघावा असे का म्हणतात, ते यावरून कळते.

जाळे म्हणजे नेमके काय? चौक हे ठिपके आणि त्यांना जोडणारे रस्ते या रेघा. नकाशावर दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे ठिपका पडणार असे वाटते, आणि नागपुरात तिथेच फसगत होते. कामठी रोडवर गड्डीगोदामला खाली रस्ता आहे, त्याच्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर मेट्रो. वरून पाहिले तर चार रेघा एकाच जागी. तिथे भाबडेपणाने एक ठिपका ठेवला, तर कॉम्प्युटरच्या नागपुरात स्कूटरवाला उड्डाणपुलावरून डावीकडे वळून थेट रुळांवर उतरेल. वर्धा रोडच्या दुमजली पुलाचेही तसेच: वर मेट्रो, मधे उड्डाणपूल, खाली जुना रस्ता. उड्डाणपुलावरच्या गाडीला खालच्या दुकानाशी थांबता येत नाही, हे यंत्राला कुणीतरी रेघेरेघेने सांगावे लागते. या कामात फार दिवस जातात, आणि त्याचे कौतुक कुणी करत नाही.

आता आकाराकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत नागपूर महापालिका हद्दीची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. एका वेळी रस्त्यावर फक्त एक लाख गाड्या धरल्या आणि प्रत्येकीची दर सेकंदाला एक चाल केली, तर दिवसाचे ८६,४०० सेकंद गुणिले एक लाख, म्हणजे ८६४ कोटी चाली. आणि वाटा जुळाव्यात म्हणून तोच दिवस शेकडो वेळा चालवायचा आहे. साधा लॅपटॉप इथे दम टाकतो.

पहिला उपाय कंजूषपणाचा. रस्त्याच्या मधे गाडी कुठे आहे ते बघायचेच नाही. तीनशे मीटरच्या दोन लेनच्या रस्त्यात साडेसात मीटरच्या हिशेबाने ८० गाड्या मावतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटरने तो पार करायला ३० सेकंद लागतात. तर गाडी आत शिरली की तिच्या नावावर लिहायचे, तीस सेकंदांच्या आत बाहेर पडता येणार नाही. मग ती दाराशी रांगेत उभी. सिग्नल सोडेल त्या गतीने एकेक बाहेर, आणि पुढचा रस्ता ८० ने भरलेला असेल तर कुणीच बाहेर नाही. एवढ्यावरही रांग मागच्या चौकात शिरते ती शिरतेच. झुरिक आणि बर्लिनच्या विद्यापीठांत वाढलेली मॅटसिम ही प्रणाली असेच रांगेचे हिशेब करते. तिच्यात पुष्कळदा दहा टक्केच लोक घेतात आणि रस्त्यांची क्षमताही तेवढीच आक्रसवतात, म्हणजे एक चिंचोका दहा जणांच्या वतीने धावतो.

दुसरा उपाय कामाची वाटणी. शहराचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला द्यायचा. ऐकायला सोपे आहे. पण तुकड्याच्या कडेवरच्या गाडीला समोर कोण आहे ते दिसले पाहिजे, आणि समोरची गाडी दुसऱ्या प्रोसेसरकडे आहे. म्हणून दर सेकंदाच्या चालीनंतर शेजाऱ्यांनी एकमेकांना निरोप पाठवायचा: तुझ्या बाजूच्या माझ्या शेवटच्या गाड्या इथे इथे आहेत, वेग अमुक, आणि या दोन तुझ्याकडे येत आहेत, सांभाळ. निरोप येईपर्यंत पुढची चाल कुणाला करता येत नाही. पंगतीत सगळ्यांचे जेवण होईपर्यंत कुणी उठत नाही, तसे सर्वांत सावकाश प्रोसेसरसाठी बाकीचे बसून राहतात.

तेव्हा कापायचे कुठून? निरोप कमी लागावेत म्हणून काप कमीत कमी रस्त्यांवरून गेला पाहिजे. नागपूरकराला याचे उत्तर शाळेपासून माहीत आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग इथे भेटतात आणि त्यांचे रूळ शहराच्या मधून जातात. ते ओलांडायच्या जागा तोंडपाठ सांगता येतात: रामझुला, लोहापूल, अजनीचा पूल, मनीषनगर, नरेंद्रनगर, गड्डीगोदाम आणि आणखी थोड्या. गाड्यांच्या नंबरांतसुद्धा पश्चिमेला एमएच ३१ आणि पूर्वेला एमएच ४९ आहे. जाळे कापणाऱ्या प्रोग्रॅमला रेल्वे म्हणजे काय ते ठाऊक नसते. तो फक्त कमी रेघा तुटतील अशी वाट शोधतो, आणि इथे ती वाट त्याला बहुतेक रुळांच्या कडेनेच सापडेल. आपण ज्या पुलांवर रोज खोळंबतो तेच पूल कॉम्प्युटरला हवेहवेसे वाटतात, हा विनोद माझ्या मनातून जात नाही.

पण नुसती कमी रेघांची वाट पुरत नाही, वजनही सारखे हवे. चौरस किलोमीटर मोजून वाटणी केली तर अंबाझरी, फुटाळा आणि सेमिनरी हिल्सवाल्या प्रोसेसरला डुलक्या येतील आणि इतवारी-महालवाल्याचा जीव जाईल. वजन गाड्यांचे असते आणि ते दिवसभर हलते. सकाळी बर्डीवर, संध्याकाळी बर्डीतून बाहेर. म्हणून काही प्रणाली मधेच कामाची वाटणी बदलतात, आणि त्या बदलाला लागणारा वेळही हिशेबात धरावा लागतो.

इथवरचे सगळे नियम जगभर चालतात. आपल्याकडची अडचण चौकटीत आहे. साडेसात मीटरच्या चौकटीत नागपुरात चार स्कूटर सहज उभ्या राहतात, वर एक ऑटो तिरपा शिरतो. सिग्नल लाल झाला की दुचाक्या फटींतून वाहत वाहत पुढे येतात आणि झेब्रा पट्ट्यांवर ठाण मांडतात. लेन हा शब्दच ढिला पडतो. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९९० च्या शहरी रस्त्यांच्या सूचनांमध्ये प्रत्येक वाहनाची किंमत कारमध्ये सांगितली आहे: वाहतुकीत त्या वाहनाचा वाटा पाच टक्के असेल तर मोटरसायकल अर्धी कार आणि ऑटो १.२ कार, वाटा दहा टक्के किंवा जास्त झाला तर मोटरसायकल पाऊण कार आणि ऑटो चक्क दोन. हिशेबाला हे ठीक आहे, पण फटीतून घुसणारी अर्धी कार कुणी पाहिली आहे? त्यापेक्षा लेन उभ्या पट्ट्यांत चिरून गाडीला आडवेही सरकू द्यायचे, हा मार्ग आपल्याला जास्त जवळचा. जर्मनीच्या अंतराळ संशोधन संस्थेत २००० सालापासून घडत आलेल्या सुमो या मोफत प्रणालीत ती सोय आहे.

सुमो मी घरी चालवून पाहिले. बर्डीचा मोफत नकाशा उतरवला, बटन दाबले आणि चकित झालो: सगळी वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने. डावीकडून चालण्याची खूण करायची राहिली होती. ती केल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. कोण कुठून कुठे जाणार हे मी सांगितलेच नव्हते, म्हणून प्रणालीने चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. भर दुपारी शेकडो गाड्या एका निवांत गल्लीतून दुसऱ्या निवांत गल्लीत विनाकारण निघाल्या होत्या. रस्ते खरे आणि माणसे खोटी. खरी माणसे मिळवायची तर घरोघर विचारावे लागते, चौकाचौकांत मोजणी करावी लागते, आणि मग मोजणीशी यंत्राचे आकडे ताडून बघावे लागतात.

ताडण्याची एक पद्धत सांगतो. फरकाचा वर्ग करा, दुप्पट करा, दोन्ही आकड्यांच्या बेरजेने भागा आणि वर्गमूळ काढा. तासाला मोजल्या १०००, यंत्र म्हणते ८५०, तर उत्तर ४.९. मोजल्या १०० आणि यंत्र म्हणते ५०, तर ५.८. ब्रिटनमधल्या सूचनांनुसार ८५ टक्के जागी उत्तर पाचच्या आत हवे. म्हणजे मोठ्या रस्त्यावर दीडशेची चूक चालते, गल्लीत पन्नासची चालत नाही. शिवाय तिसऱ्या नियमातला तो उगाच कचरणारा चिंचोका आहेच. त्याचे कचरणे चिठ्ठीवर ठरते, म्हणून प्रत्येक वेळी चिठ्ठ्या बदलून तोच दिवस दहा-वीसदा चालवायचा आणि उत्तरे किती इकडेतिकडे होतात ते बघायचे.

एवढे सगळे करून मिळते काय? मिळते ते तुलना करण्याचे साधन. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आले की मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. अशा वेळी एखादा रस्ता बंद ठेवला तर रांग आधी कुठल्या चौकाला धरेल, गाड्या या बाजूने वळवल्या तर बरे की त्या, हे दोन्ही प्रकारे चालवून बघता येते. मोर्चा नेमका किती वाजता उठेल, ते मात्र मोर्चेकऱ्यांनाच विचारलेले बरे.

नव्या पुलाचे सादरीकरण करताना रंगीत गाड्या सुळसुळ पळताना दाखवतात. तसे बघायची वेळ आली, तर मोजणी कुठल्या महिन्यातली आहे आणि किती वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर चालवले, हे विचारून घ्या. तिसरा प्रश्न थोडा आतल्या गोटातला आहे. सुमोमध्ये एखादी गाडी पाच मिनिटे जागेवरून हललीच नाही, तर प्रणाली तिला उचलते आणि तिच्या वाटेवर पुढे जागा मिळेल तिथे ठेवून देते, नाहीतर एका कोंडीने सगळे शहर गोठून बसेल. पाच मिनिटांचा आकडा बदलता येतो, आणि अशा किती गाड्या उचलल्या त्याची नोंदही शेवटी मिळते. माझ्या लॅपटॉपवरच्या बर्डीत तो आकडा इतका मोठा आला की मी भाचीला दाखवला नाही.